पोय बंद

इतिवृत्तात एवढंच लिहिलंय:
दिवाळ्याची पोय, तिवरांच्या तोंडापासून वाकणापर्यंत,
तीन उधाणं आणि तीन भांग जाळ्याविना.
बाजूने अकरा. विरोधात नऊ.
सही माझी, कारण लिहायला मीच असते.

बाकीचं वहीत मावलं नाही.

म्हणजे असं, की संस्थेच्या ओट्यावर,
जिथे एरवी बर्फाचा हिशेब होतो,
तिथे ठाण्याहून आलेल्या ऋजुतानं जिताड्याचं पोट फाडलं.
आमच्याच विळीवर. हात सराईत नव्हता.
आत बोयटाची चार पिल्लं,
पिल्लांच्या आत चिखल,
आणि भिंगाखाली तो चिखल
तिवराचं कुजलेलं पान निघाला.

"नुसते मासे मोजून भागत नाही," ती म्हणाली,
"पानंही मोजावी लागतात."
धर्मा नाखवा हसला. "पानं काय तोलून इकू?"
ती नाही हसली. चौदा महिन्यांचे आकडे मांडले:
पाण्यातला प्राणवायू, गढूळपणा, खार,
कोणत्या उधाणाला किती पिल्लं आली,
कोणत्या आसात अडकून मेली.

पोशाआजी मध्येच म्हणाली,
"चैताच्या उधानाला पान्याला लोखंडाचा वास येतो.
ते लिवलंस का?"
ऋजुतानं पेन काढलं. लिहिलं.
कोणत्या दिवशी, किती वाजता, वारा कुठला, तेही विचारलं.
चार मतं तिथे फिरली असावीत.

"तीन उधाणांनी मासा वाढेल, खात्री?"
हा जोमा. माझा नवरा.
"नाही. पिल्लांना जागा मिळेल, एवढं दिसतंय.
नंतर परत मोजू. चुकलं तर ठराव बदलू."

खात्री नाही म्हणणारं माणूस
या ओट्यावर आधी आलंच नव्हतं.
पुलाचे खांब रोवले तेव्हा
सगळे खात्रीनंच बोलले होते.

जोमाचा हात विरोधात वर गेला.
इंजिनाचा हप्ता दर दहा तारखेला असतो,
त्याला उधाण-भांग कळत नाही.

घरी बोलला नाही.
जवळ्याची चटणी, भाकरी, आणि माझ्याकडे पाठ.
रात्री जाग आली तर ओटीवर दिवा.
जुन्या बोकशीचा खोळा मांडीवर घेऊन
गाठी सोडवत बसला होता,
दोन बोटं घालून आस मापत,
मग हळूच
तिसरं बोट घालून बघत.