पटनोंदणी

एप्रिलमध्ये आम्ही मुलं शोधत फिरतो.
विक्रोळीच्या सूर्यानगरचा चढ, डोक्यावर ओढणी,
काखेत रजिस्टर. पंधरा वर्षं दारोदार तेच बोलतेय मी:
दप्तर फुकट, बूट फुकट, छत्रीसुद्धा,
इंग्रजी पहिलीपासून,
आणि शिक्षक (इथं मी जरा थांबते)
शिक्षक चांगले आहेत.

हे शेवटचं खरं आहे.
छत्रीइतकं ते कोणी मनावर घेत नाही.

घरी निशिकांतने टेबलावर माहितीपत्रकं मांडलेली.
गुळगुळीत कागद, त्यावर पोहण्याचा तलाव
अशा कोनातून काढलेला की समुद्र वाटावा.
वर्षाचे एक लाख चाळीस. बस वेगळी.
देणगी ऐच्छिक, पण आकडा छापलेला.
'तुझा पगार पालिकेतून येतो म्हणून
पोरगीही तिथंच घालायची का?'
एवढं बोलला, मग गप्प राहून भेंडी चिरत बसला.

तोही पालिकेच्याच शाळेतला. नायगाव, दुपारचं सत्र.
नोकरीच्या मुलाखतीत अडलेलं इंग्रजीतलं एक वाक्य
अठरा वर्षं त्याच्या घशात आहे.
झोपेत कधीकधी तो ते पूर्ण करायला जातो.
मी ऐकते. काही बोलत नाही.

शनिवारी मुलुंडला गेलो.
'मुलाखत नाही हं, कायद्यानं बंदी आहे,
नुसत्या गप्पा मारायच्यात,' काउंटरवरची मुलगी म्हणाली
आणि आमच्या पदव्यांच्या झेरॉक्स मागितल्या.
थंडगार खोली. खुर्चीवर अबोलीचे पाय अधांतरी.
समोरच्या बाईंनी एक कार्ड उचललं:
व्हॉट कलर इज धिस, बेटा?

अबोली म्हणाली, अबोली.

नो नो, नॉट युअर नेम. कलर.

तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं,
कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तसं.
माटुंग्याच्या गजरेवालीकडे मीच तिला दाखवला होता
हा रंग, ओल्या फडक्याखाली झाकलेला.
बघ, म्हटलं होतं, तुझ्याकडे नाव आहे तेच ह्याच्याकडेही.

आणि मी, जी वर्गात पोरांच्या चुकीच्या उत्तरातलंही
बरोबर तेवढं शोधून फळ्यावर लिहिते,
मी वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले,
ऑरेंज म्हण.

तिनं माझ्याकडे बघितलं.
मग म्हणाली.

रविवारी निरोप आला. अभिनंदन.
पहिला हप्ता तीस तारखेच्या आत.
निशिकांत उठून खाली गेला, कुल्फीवाल्याला थांबवून वर हाक मारली,
कुठली हवी?
गॅलरीच्या गजांतून अबोली ओरडली, ऑरेंज!
आता सांगावं लागलं नाही.

आज सोमवार. पुन्हा चढ.
कौतिकाने लेकीचा जन्मदाखला
पिशवीतल्या पिशवीतल्या पिशवीतून काढला,
दोन्ही हातांनी दिला.
तेराव्या ओळीत मी नाव लिहिलं: प्राजू दगडू सोनटक्के.
छत्रीचं सांगायला लागले तर म्हणाली,
'छत्री ऱ्हाऊ द्या बाई. तुमी शिकवणार ना, तुमी सोता?
शेजारची पोरं सांगतात, तुमी मारत न्हाई.'

मग सहज, दाराची कडी चाचपत:
'तुमचीबी याच वयाची असंल. तुमच्याच शाळेत का?'

तेवढ्यात नळाला पाणी आलं.
गल्लीभर हंडे वाजले, कौतिका धावली,
म्हणून उत्तर द्यायचं राहून गेलं,
असं घरी सांगता आलं असतं.
पण ती लगेच परत आली.
पदराला हात पुसत
उंबऱ्यात उभी राहिली, घाई नसल्यासारखी.
आणि मी रजिस्टरवर पट्टी ठेवून
चौदावी ओळ आखत बसले,
जी छापलेलीच होती.