तेराशेची गाय

धुळ्याला, आग्रा रोडवर, गुरुवारी दुपारी
खेळणं घ्यायला गेलो तो खिशात टेस्टर घेऊनच.
सवय. सोनगीरला हायवेवर
माझं मोटर वायंडिंगचं दुकान.
जळालेल्या मोटरी उघडून पाहणं हा धंदा,
आणि बंद डब्यावर माझा विश्वास नाही.

जयकिशन शेठनं काउंटरवर मांडलं
दिव्यांची पाटी, बोलणारं पुस्तक,
पोट दाबलं की आकडे म्हणणारं अस्वल.
"साडेतीन वर्षांची ना? मग हेच न्या.
पुतण्याला आमच्या यानंच ए टू झेड येतं."

मी आधी पाठ फिरवून पाहतो.
सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का?
नसेल, तर खाली.
बटणासारखे चपटे सेल? नको.
पोरं गिळतात, आणि घशात ते जाळत जातात
ओल्या कॉइलमधल्या करंटसारखे, आवाज न करता.
अस्वल कानाशी धरलं.
आवाज कमी करायची सोय नाही. तेही खाली.
पाटी विचारते, पोर उत्तर देतं, पाटी म्हणते शाब्बास.
चुकलं तरी शाब्बास.
मी दोनदा मुद्दाम चुकून पाहिलं.

शेठ म्हणाला, "भाऊ, खेळणं घेताय का पंप?"

मग निघालं हे शेत. हिरवं, चौकोनी, सहा जनावरं.
ज्याच्या त्याच्या खाचेत बसवलं की ओरडतं,
चुकीच्या खाचेत गप्प.
हे पटलं मला.
चुकल्यावर गप्प बसणारा मास्तर
आमच्या वाट्याला कुठं आला होता?
दीड हजार सांगितले, तेराशेवर आला.

कल्याणी अंगणवाडीत मदतनीस. म्हणाली,
"दोन वाट्या नि मूठभर चवळी दिली असती तरी शिकली असती."
खरं आहे.
पण वाट्या घ्यायला कोणी धुळ्याला जात नाही.

देवूनं गाय उचलली, खाचेत बसवली.
गाय हंबरली. लांबट, नाकातून, कुठल्या तरी थंड देशातली.
देवूनं माझ्याकडे पाहिलं.
"पप्पा, तिले तीस लागनी."
"नही बेटा, ती तुले शिकाडी ऱ्हायनी."
पुन्हा बसवली. पुन्हा हंबरली.
आता मी काय सांगू,
नुसतं शिकवायसाठी हंबरणारी गाय
आमच्या गल्लीत मीही पाहिलेली नाही.

संध्याकाळी नळाला पाणी आलं, आठव्या दिवशी.
आम्ही दोघं भरायच्या घाईत.
शेत सापडलं बादलीच्या तळाशी,
सहाही जनावरांसकट,
आणि स्पीकरच्या जाळीतून वर येणारा एक बुडबुडा.

कल्याणी काही बोलली नाही.
बोलायचं ते ती दोन वाट्यांत बोलली होती.

मी चार स्क्रू काढले.
आत नखाएवढा काळा ठिपका,
रुपयाएवढा स्पीकर, केसासारख्या दोन तारा.
तेराशेचं शहाणपण एवढंच.
रात्रभर पंख्याखाली, दिवसभर पत्र्यावर उन्हात,
भिजलेला स्टार्टर वाळवतो तसं वाळवलं.
एक तार सुटली होती, डाग दिला.

आता गाय खालच्या पट्टीत हंबरते.
घोगरी, सावकाश, जरा म्हशीकडे झुकलेली.
कोंबडा तर बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा खोकतो.
म्हटलं, बिघडलंय, बदलून आणू.
देवूनं शेत छातीशी धरलं.
"नही. आते बराबर बोलस."

मग स्वयंपाकघरातून वाटी आणली,
गायीपुढे ठेवली. रिकामी.
मी बादली उंचावर ठेवायला उठलो होतो,
परत बसलो.
खरं पाणी लागत नाही, हे तिला
कुठल्या बटणानं शिकवलं, शेठला विचारायला हवं.

टेबलावर एक स्क्रू उरलाय.
चार काढले, चार बसवले, हा कुठला?
दरवेळी एक उरतोच.
डबीत घालून वरच्या फळीवर ठेवलाय,
तिचा हात पोहोचणार नाही तिथं.
अजून तरी.