धक्क्यावरचा फळा

सकाळी सहाला रेडिओ खरखरतो.
मी खडू घेऊन उभी असते, अनवाणी.
स्प्लिटचा तो माणूस नाकात बोलतो:
वायव्य वारा, बेताचा.
समुद्र किंचित हलता. नजर दूरवर पोचेल.
दुपारनंतर एखादी वादळी सर शक्य.
'शक्य' हा त्याचा लाडका शब्द.
एकवीस उन्हाळे मी तो लिहीत आलेय
फळ्याच्या तळाशी, जागा उरते तिथे, बारीक अक्षरात.

होड्या सहा. पाच भाड्याच्या,
सहावी माझी, तिचं इंजिन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.
गिऱ्हाईक येतं ते टोपी, टरबूज आणि घाई घेऊन.

त्या गुरुवारी झ्बिनेक आला, ब्रनोहून,
खिडक्या बसवणारा, थोराड हातांचा,
समुद्र नसलेल्या देशाचा माणूस.
मागे बायको पाव्ला, आणि ब्येत्का,
आठेक वर्षांची, पुढच्या दातांत फट.
त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला:
सगळ्या चौकोनांत पिवळा सूर्य.
म्हटलं, सूर्य मलाही दिसतोय बाबा.
तू पाणी बघ.

इथला उन्हाळा वेळेचा पक्का.
रात्री डोंगरावरून मतलई वारा उतरतो,
पाइनचा वास होड्यांपर्यंत आणून सोडतो.
नऊला सगळं थांबतं.
अकराला माएस्त्राल येतो
बाह्या दुमडून कामावर येणाऱ्या सुतारासारखा,
निळ्यावर पांढऱ्या ढलप्या काढत,
आणि सूर्य टेकला की हत्यारं गोळा करून निघून जातो.
तो येतो आहे तोवर मला झोप लागते.

"अकराला वारा आला नाही," मी झ्बिनेकला सांगितलं,
"तर टरबूज न कापता परत या."
त्यानं मान हलवली,
वाढप्याला हलवावी तशी.

अकरा वाजले.
साडेअकरा.
ध्वज काठीला ओल्या फडक्यासारखा चिकटलेला.
मांजर दोरांच्या वेटोळ्यातून उठून घरात गेली.
सुतार आला नाही.

चार होड्या शहाणपणानं परतल्या.
पाचवी सुरोवाक बेटाच्या पलीकडे,
आणि पश्चिमेला, क्षितिजावर,
कुणी शिसपेन्सिलीनं घासून घासून कागद फाडावा तसं आकाश.

नेव्हेरिन वीस मिनिटांचा पाहुणा.
पण त्या वीस मिनिटांत
समुद्र उभा राहतो, पाऊस आडवा येतो,
गारा पत्र्यावर खिळे ओततात.
वडील म्हणायचे, त्याच्या मागून जावं, पुढून कधी नाही.
मी छपराखाली उभी राहून मोजत होते.
काय मोजत होते ते आता आठवत नाही.
मोजणं आठवतं.

मग सहावी काढली.
पाण्यावर उशी तरंगत होती, माझीच, निळ्या पट्ट्यांची.
तिच्याकडे बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

सुरोवाकच्या पाठीमागे, गोट्यांच्या खाडीत,
होडी अर्धी वर ओढलेली.
झ्बिनेकच्या खांद्यांवर गारांचे वळ.
पाव्ला त्याच्याशी बोलत नव्हती.
आणि ब्येत्का एका खडकाला पाठ लावून,
डोक्यावर अर्ध्या टरबुजाची कवटी,
रस मानेवरून ओघळतोय,
बिया केसांत,
मला बघून हात वर करून हलवते.

कापलं होतं तर टरबूज.
मी काही बोलले नाही.

येताना पाणी पुन्हा सपाट, निष्पाप,
जणू दुसऱ्याच कुणी केलं सगळं.
त्यानं उशीचे पैसे दिले. मी घेतले.

दुसऱ्या दिवशी सहाला तो फळ्यापुढे उभा,
तळाच्या ओळीवर बोट ठेवून:
हा शब्द काय आहे?
मी सांगितला. त्यानं दोनदा म्हणून पाहिला.
तेवढ्यात पोरीनं माझा खडू उचलला,
आणि 'शक्य'च्या शेजारी एक ढग काढला,
गलेलठ्ठ, पाय असलेला.

आकाश त्या दिवशी धुतल्या परातीसारखं होतं.
अकराला माएस्त्राल आला, मिनिटभरही उशीर नाही.
ढग बघून दोन कुटुंबं माघारी गेली,
तीन होड्या दिवसभर नुसत्या डुलत राहिल्या.

मी तो पुसला नाही.