इंडिकेटरचा बल्ब

गांगुर्डेकाकांनी एकतीस वर्षं ओझरला
लढाऊ विमानांच्या पोटात वायरी ओवल्या.
पायलट वर गेले.
काका पाच चाळीसच्या बसने आडगावला घरी आले.

आता त्यांच्या टेबलावर माझं विमान.
थर्माकोलचं, पंखाला रविवार कारंजावरून आणलेली लाल टेप,
सगळं मिळून वजन सव्वा किलो.
तरी ते विचारतात,
"वर कोण असणार, ते सोड. खाली कोण उभं असणार?"

कनेक्टर बदलताना
दोन्ही वायरी एकदम कापायच्या नाहीत.
"कात्रीला लाल-काळं कळत नाही, हर्षाली.
ती दोघींची गाठ घालून देते, मग तू आहेस आणि ठिणगी आहे."
आधी काळी. कापली, सोलली, कथील पाजलं, झाकली.
मग लाल.
आणि स्लीव्ह?
डाग चकचकीत बसला, फुंकर मारून झाली,
आणि ती इवलीशी नळी टेबलावर तशीच,
मंगलाष्टकं संपल्यावर आठवलेल्या अंतरपाटासारखी.
काकांनी काही न बोलता
डाग पुन्हा वितळवला.

चार्जिंग गच्चीत, वाळूच्या कुंडीत.
कधीकाळी तिच्यात कढीपत्ता होता.
बाविसशेच्या बॅटरीला दोन पॉइंट दोन अँपिअर.
घाई असेल तर पतंग उडव, म्हणतात.
पांढऱ्या टोकाची बारीक वायर विसरायची नाही,
तिन्ही सेलची हजेरी तीच घेते:
चार पॉइंट वीस, चार पॉइंट वीस,
चार पॉइंट अकरा.
दोघे थांबतात. तिसरा येतो सावकाश.
तोवर उठायचं नाही.
फोन आला तरी, खाली दूध उतू गेलं तरी.
"दूध पुसता येतं."

जानेवारीत, मखमलाबादला,
वारा आडवा आला आणि विमान नाक खाली घालून
थोरातांच्या द्राक्षबागेत शिरलं.
घडांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली,
कोरडी ठणठणीत, एकरभर जुन्या बातम्या.
बॅटरी एका कोपऱ्यात चेपलेली. कोमट.
मी प्लग उपसला,
तुटक्या पंखावर तिला ठेवलं
आणि हात लांब धरून पळत सुटले
बांधापलीकडच्या नांगरलेल्या रानात.
खाली ठेवली. वीस पावलं मागे आले. बसले.

थोरात शिव्या देत आले.
मग तेही ढेकळावर बसले.
"कशाची वाट बघतेस?"
"काही होऊ नये याची."
त्यांनी तंबाखू मळली, माझ्याकडे पाहिलं,
आणि अर्धा तास आम्ही दोघं
काहीही न घडणं बघत राहिलो.

ती पेटली नाही.
संध्याकाळपर्यंत फुलक्यासारखी फुगली, एवढंच.

"हिला आता परत भरायचं नाही," काका म्हणाले,
"आणि घंटागाडीतही टाकायचं नाही.
आधी रिकामी होऊ दे. सावकाश."
अडगळीतून त्यांनी स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब काढला,
बारा व्होल्टचा, दोन वायरी, दोन डाग.
या वेळी स्लीव्ह मी आधी ओवली.
त्यांनी पाहिलं. बोलले नाहीत.

वाळूत ती, कठड्यावर बल्ब.
जिन्याच्या दाराशी आम्ही दोघं, मफलर बांधून.
आधी पिवळा, मग संत्र्यासारखा.
ओझरकडे काहीतरी उतरत होतं, दिवे लुकलुकत.
मी मान वर केली.
त्यांनी केली नाही.
"आमच्या वेळचं नाही," म्हणाले, नुसत्या आवाजावरून.

काकूंनी खालून दोनदा हाक मारली.
तिसऱ्या हाकेत माझंही नाव होतं.
बल्बची तार आता विटकरी,
केसाएवढी, दिसली तर दिसली.
"जाऊ या का?"
"थांब," काका म्हणाले. "अजून आहे तिच्यात."