दाराआडचा कोट

शारजात, रोल्याच्या मागल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आमच्या खोलीच्या दाराआड एक कोट टांगलेला असतो.
निळा. म्हणजे पूर्वी निळा.
कोणाचाच नाही तो.
आमच्या आधी कुणी थॉमस म्हणून होता,
व्हिसा संपला तसा घाईत गेला
आणि खिळ्यावर हा राहिला.

सहा खाटा, एक कोट.
ज्याची मुलाखत, त्या दिवशी कोट त्याचा.
विश्रामला तो ढगळ होतो.
निझाम सरगुरोहच्या पोटावर बटण लागत नाही;
म्हणतो, उघडाच बरा, साहेब लोक असाच घालतात.
मला बाह्या दोन बोटं आखूड.
तेव्हा हात टेबलाखाली ठेवायचे,
हे मला निझामनंच शिकवलं.

कंपनी बुडाली तेव्हा मी सत्तेचाळीसचा.
एकवीस वर्षं कागदावर एसीच्या नळ्या काढल्या.
कुठल्या टॉवरच्या कुठल्या छतात वारा कुठं वळतो
ते डोळे मिटून सांगेन अजून.
कोणी विचारत नाही.

रात्री भांडी झाली की सराव.
निझाम तुपाच्या पालथ्या डब्यावर बसतो, साहेब होतो.
'मिस्टर केळुसकर, मधले सात महिने काय केलंत?'
मी गप्प.
खाटेवरून विश्राम: 'सांग की, आमच्यासाठी भात टाकला!'
सगळे हसतात. रात्रपाळीहून आलेला एकजण
झोपेतच शिवी घालतो.
मग निझाम उठून माझी कॉलर नीट करतो.
'खोटं बोलायचं नाय.
पण सगळं खरं एकदम काढायचं नाय.
थोडं पहिल्या पगारापर्यंत राखून ठेव.'

कुडाळला, घरच्यांसाठी, मी अजून ऑफिसला जातो.
मृदुला फोनवर विचारते, आज एवढी शांतता कशी?
मी म्हणतो, एसी बंद पडलाय.
गेल्या महिन्यात मी काही न बोलताच ती म्हणाली,
पोराची फी भरली मी, तुम्ही तिकडचं बघा.
कशी भरली, ते मी विचारलं नाही.
तिनंही माझं काही विचारलं नाही.

कोटाला आतून एक खिसा आहे.
जाऊन आलेला त्यात काहीतरी ठेवतो:
बसपुरते दिरहम, बडीशेपेची पुडी,
विश्रामच्या अक्षरात एक चिठ्ठी —
'लिफ्ट बंद. लवकर पोचा, घाम सुकू द्या.'
दुसरी निझामची —
'बाई विचारते, पाच वर्षांनी कुठे असाल?
खोली नंबर सांगू नका.'

अजमानला, इस्पितळाची लाँड्री.
मॅनेजर कागद चाळत होता, कंटाळलेला.
त्याच्या मागं काचेपलीकडं वाफ कोंडत होती,
पोरं चादरींत भिजून निघत होती.
मला राहवलं नाही.
साहेब, म्हटलं, तुमचा वारा उलटा वळतोय.
आणि बिलाच्या पाठीवर नळी काढून दाखवायला लागलो,
दोन्ही हात टेबलावर,
मनगटं उघडी पार.

काम ड्राफ्ट्समनचं नाही. पाळी सांभाळायची,
गाठोडी मोजायची, आणि हो, तो वारा बघायचा.
पगार पूर्वीच्या अर्ध्याहून थोडा वर.
राखाडी शर्ट कंपनीचा.
निझाम म्हणाला, म्हणजे माझी शिकवणी फुकट गेली,
आणि खाली जाऊन सहा कडक चहा घेऊन आला.
झोपलेल्यांनाही उठवलं.

मृदुलाला सांगितलं. बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, एसी सुरू झाला वाटतं.

पहिल्या पाळीला कोट बरोबर नेला.
वाफेच्या इस्त्रीखाली धरला तर
थॉमसचा, आमचा, कुणाकुणाचा घाम उठला.
शिवणाऱ्या नेपाळी पोरानं बाही उलटी केली,
दोरा ओढला,
आत दुमडलेलं कापड निघालं, दोन बोटं,
अजून निळं.

विश्रामला तो आता आणखीच ढगळ होणार.
उद्या दहाला त्याची आहे, देऱ्याला.
टाचण्या घेऊन ठेवल्यात.