वाऱ्याची पोच

पहाटे चारला सड्यावर चढायचं.
काचा तापायच्या आत धुवायच्या.
आम्ही सातजणी, प्रत्येकीला चाळीस पाट्या,
लांब दांड्याचा ब्रश, टँकरचं पाणी मोजून.
खाऱ्या वाऱ्याने रात्रभर मिठाचा हात फिरवलेला असतो,
वर साळुंक्यांची शिट.
एकदा बोटाने चाखून पाहिलं:
खाडीकडच्या पाट्या जास्त खारट.
हे साहेबांच्या वहीत नाही.

माझा भाऊ मोरेश्वर
जिबूतीत पवनचक्क्यांचे नट आवळतो.
देश केवढा, विचारलं तर म्हणाला,
"आपल्या कोकणाएवढो. नि सगळो सडो."
पाऊस?
"इसर."
खांबाची सावली तिथे दोरीसारखी पडते,
शेळ्या तिच्यात एकामागे एक उभ्या राहतात,
सावली सरकली की रांग सरकते.
रांग रस्त्याला लागली की
याची जेवणाची सुट्टी.

दर शुक्रवारी त्याचा आवाज येतो,
मागे पात्यांची घरघर:
"ताय, वारो धाडलंय. पोचलो की सांग."
मी सड्याच्या टोकाला जाते, ओढणी सैल सोडते,
मग लिहिते, पोचलो.

नव्या इंजिनिअर ऋजुताने
मोबाईलवर नकाशा काढून दाखवला.
तिथला वारा इथे येत नाही, मावशी.
त्याची वाट निराळी, आपला हा निराळा.
बाण होते, निळे आणि तांबडे.
मी म्हटलं, बरं.

आमचे पणजोबा फत्तेमारीवर कौलं भरून
त्या अंगाला जायचे म्हणतात.
एका वाऱ्याने जायचं, दुसऱ्याने यायचं.
यायचा वारा चुकला की चार महिने तिकडेच.
कुणी कुणी राहूनच गेले.
मोरेश्वर दोन वर्षांचं सांगून गेला होता.
हे चौथं.

आमच्या काचांतली वीज तारेवरून घाट चढते,
वाडीत सातला लाइट जाते.
तिकडेही तसंच असावं:
शेळ्या राखणारीच्या झोपडीत दिवा नाही,
डोक्यावर एवढालं पातं फिरत असून.
तिचा फोन हाच चार्ज करून देतो, हापिसातून.
कद्रा तिचं नाव.
हल्ली ते नाव
वाऱ्यापेक्षा जास्त येतं.

गेल्या शुक्रवारी मागे घरघर नव्हती.
"चार दिवस पाती उभीच, ताय.
तुझ्याकडलो जरा धाड."

पहाटे मतलई सुटली होती,
जमिनीकडून दर्याकडे जाणारी.
बाकीच्या पुढच्या रांगेत गेल्या तशी
मी ब्रश काचेला टेकून ठेवला
आणि कुणाला दिसू नये एवढाच
हात वर केला.
मग तेरावी पाटी घेतली.

अजून पोच आलेली नाही.