पस्तिसावी खोली

चारशे बारा नावं.
पडद्यावर एका वेळी पंचवीस मावतात,
म्हणून सतरा पानं उलटत बसते.
चेहरा एकही नाही. काळे चौकोन,
चौकोनात आडनावाचं पहिलं अक्षर.

ईलोइलोत सकाळचे साडेसात.
कुणाचा तरी कोंबडा आरवतो.
मी म्हणते, माइक बंद करा.
सगळे करतात.
कोंबडा आरवतच राहतो.

ऐकू येतंय ना?
हो मॅडम, हो मॅडम, येस मॅम, हो,
एक ओळ वाचेस्तोवर चाळीस वर सरकतात,
त्यातच कुणाचा तरी खरा प्रश्न
वाहून जातो, मला त्याची शेपटी तेवढी दिसते.
मदतनीस एकटी ग्लादिस,
तिच्या गल्लीतली वीज पहाटेच गेलेली.

आज सरासरी.
उदाहरण मीच शोधलं, जरा अभिमानानेच:
एस्तान्सियाच्या धक्क्यावरची दहा दिवसांची मासळी.
मग गटचर्चा. एक बटण दाबलं
आणि घातले वर्गाचे वाटे,
बाराबाराचे चौतीस.
चार उरले.
त्यांची पस्तिसावी खोली.

दारोदार फिरले.
पाचवीत शुकशुकाट.
एकोणिसावीत कुणीतरी निवांत घोरत होतं.
पस्तिसावीत तिघांचं नेट तुटलेलं,
राहिला एक चौकोन: सालागे, रोमनिक.
मागे बर्फ फोडल्याचा आवाज.

रोमनिक?

"मी त्याची आई, मॅडम. रागावू नका.
तो परवापासून होडीवर आहे.
हजेरी बुडायला नको, म्हणून फोन धरून बसते."

तीन खाडे झाले की नापास,
हा नियम माझाच.
मी काहीतरी पुटपुटले.
तीच म्हणाली, "एक विचारू?
तुम्ही ती बेरीज करून दहाने भागलीत,
त्यात चार दिवस जाळं रिकामं आलेलं,
तेही धरलेत ना?"

धरले.

"मग हिशेब बरोबर आहे.
पण त्या चार दिवसांत
आम्ही सरासरी नाही खाल्ली."

साठ सेकंदांत खोल्या बंद होतील,
पडद्याने सांगितलं. एकोणसाठ. अठ्ठावन्न.
ती म्हणाली, "उद्याही साडेसातलाच ना?
मी बर्फ आधी फोडून ठेवीन."

परत मोठ्या वर्गात आले,
तिचं वाक्य सगळ्यांना सांगायला तोंड उघडलं,
आणि खालून ओळी धावत आल्या:
मॅडम आवाज नाही. मॅडम आवाज.
मॅम यू आर म्यूट.

रात्री तक्ता भरताना
सालागे, रोमनिक.
हजर लिहावं तर खोटं.
गैरहजर लिहावं तर
तेही कुठे खरं.
रकाना तसाच ठेवला.
खालचं नाव साल्वानिया. तो हजर.
बहुधा.